काथ्याचं आवार

भालकीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आमचं दुकान आहे. मी श्रीदेवी आणि माझी थोरली बहीण मल्लेश्वरी, आम्ही दोघी मिळून ते चालवतो. प्लास्टिकचं काही ठेवायचं नाही हा अक्काचा हट्ट. त्यामुळं लाकडी खेळणी, वेताच्या टोपल्या, शिंदीच्या चटया, बिदरी कामाच्या डब्या, असला हातानं घडवलेला माल आमच्याकडं मिळतो. असा माल फोनवर मागवून भागत नाही. जाऊन बघावा लागतो, हातात धरावा लागतो. म्हणून दर हिवाळ्यात एखाद्या जुन्या गावाचा बाजार बघायला आम्ही निघायचो, आणि अक्काचे यजमान, म्हणजे माझे दाजी, पिकअप चालवायला सोबत यायचे.

दाजींचं नाव रेवणप्पा. संतपूरला त्यांची शेती, सोयाबीन आणि तूर. अंगानं थोराड, आवाजानं मऊ. त्यांना एकच खोड. रस्त्यात कुठं मारामारी दिसली की गाडी बाजूला घ्यायची आणि मधे पडायचं. एकदा उदगीरच्या नाक्यावर असंच मधे पडून स्वतःचा दात पाडून आले होते. अक्का चिडली, तर म्हणाले, "एकट्याला चौघं मारायलेत, आन् आपण बघत जायचं व्हय?"

हे सांगून ठेवते, कारण पुढं जे झालं ते अशा माणसाच्या बाबतीत झालं.

त्या वर्षी अक्कानं कोकण धरलं. समुद्राकाठची जुनी बंदरं, तिथल्या कातारी लोकांच्या आळ्या, लाखेच्या रंगाची खेळणी, काथ्याच्या चटया. दोन-तीन गावं बघून झाल्यावर आम्ही एका खाडीच्या तोंडावरच्या गावात पोचलो. गावाचं खरं नाव मी सांगत नाही. शेवरेबंदर म्हणू. एके काळी तिथं मोठी गलबतं लागायची. आता मोडका दगडी धक्का, किल्ल्याची एक भिंत आणि जांभ्या दगडाच्या घरांचा एक अरुंद बाजार, एवढंच उरलंय.

दाजी धक्क्यावर उभे राहून बराच वेळ समुद्राकडं बघत राहिले.

"शिरे," मला म्हणाले, "ह्येला पलीकडचा काठच न्हाई की ग."

अक्का हसली. त्या सहलीतलं तिचं ते शेवटचं हसणं.

बाजार मात्र खरंच सुंदर होता. दर घराच्या ओटीवर कोणी ना कोणी काम करत बसलेलं. कातारी लाकूड फिरवायचे, फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवायचे, आणि बघता बघता भोवऱ्यावर लाल-पिवळे पट्टे उमटायचे. मग केवड्याचं पान दाबून धरलं की त्याला आरशासारखी चकाकी यायची. आम्ही खेळणी घेतली, शिंगाचे कंगवे घेतले. बाजाराच्या टोकाला चंद्रभागाबाई नावाच्या म्हाताऱ्या बाईंचं काथ्याचं दुकान होतं. दोरखंड, पायपुसणी, चटया. अक्कानं विचारलं, हा काथ्या निघतो कसा? बाईंनी सांगितलं, नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, खाडीच्या खाऱ्या पाण्यात महिनोन्‌महिने कुजत घालायची. मग ती दगडावर ठेवून लाकडी मोगरीनं बडवायची. बडवून बडवून त्यांतला गर निघून गेला की धागा उरतो.

"बायकांचंच काम ते," बाई म्हणाल्या. "पण आता कोणी हातानं बडवत नाही. यंत्र आलं. माझ्या आईपासूनच बंद आहे ते या गावात."

आम्ही चटया बांधून पिकअपमध्ये टाकल्या.

दुपार झाली तसा बाजार मिटला. कोकणात दुपारी दुकानं बंद करायची रीत आहे. दारं लोटलेली, ओट्या रिकाम्या, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. नुसतं पांढरं ऊन आणि ओहोटीचा वास. एका बाईंची घरगुती खानावळ होती, तिथं आम्ही जेवलो. दाजींचं जेवण लवकर उरकलं. "खाडीकडनं जरा फिरून येतो," म्हणून ते गेले.

आम्ही दोघी ताक पीत बसलो होतो, तेव्हा तो आवाज सुरू झाला.

धप्... धप्... धप्...

ओल्या जड वस्तूवर लाकूड पडल्यासारखा. एकाच हाताचा नाही, चार-सहा हातांचा. आणि दर घावामागं काकणांचा बारीक किणकिणाट. धप्, आणि मग किण्. धप्, आणि मग किण्.

"काय बडवायलेत हो?" मी खानावळवाल्या बाईंना विचारलं.

त्या भांडी उचलत होत्या, जागच्या जागी थांबल्या. "काय नाय," म्हणाल्या. मग खाडीकडची खिडकी ओढून घेतली, कडी घातली, आणि आत जाऊन मिक्सर चालू केला. आम्हाला तो ओट्यावर दिसत होता. भांडं रिकामं होतं. रिकामाच फिरवत त्या भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या.

अक्का माझ्याकडं बघून उठली. "चल, ह्यानला बघू."

खाडीकडं उतरणारी वाट गवतात बुजलेली होती. आवाज पुढून येत होता, मग कधी उजवीकडून यायला लागला, कधी मागून. कुजल्या सालींचा असा वास सुटला होता की पदर नाकाला लावावा लागला. वाटेच्या शेवटी जांभ्याच्या भिंतींचं एक आवार दिसलं. दार नव्हतं, चौकट तेवढी होती. आम्ही चौकटीत पाय टाकला आणि आवाज तुटला. थांबला नाही, तुटला. घाव वर उचललेला आणि खाली आलाच नाही, असा.

आत कोणी नव्हतं. गुडघाभर गवत. गवतात गोलाकार मांडलेले सपाट दगड, मधोमध झिजून खळगे पडलेले. आणि त्या गोलाच्या मधे दाजी गुडघ्यांवर बसलेले. सदरा खांद्यावर फाटलेला. चिखल तोंडापर्यंत.

"काय झालं हो?" अक्का धावली.

"हळू..." ते म्हणाले. "हळू बोल. गेल्या न्हाईत त्या."

त्यांना धरून बाहेर काढताना मी त्यांचा खांदा पाहिला. पेल्याच्या तोंडाएवढा एक गोल डाग, काळानिळा, मधून रक्त फुटलेलं.

वाटेवर एका दगडावर बसवून पाणी पाजलं, तेव्हा ते तुकड्या-तुकड्यानं बोलले. "बाया व्हत्या. गोल बसल्या व्हत्या. मला वाटलं सालं बडवायल्यात. जवळ गेलो तर... सालाच्या ढिगात माणूस, मल्ले. तोंडात काथ्या कोंबलेला. हात वर करायलता, तर हातावर मारायच्या. डोकं वर करायलता, तर डोक्यावर. हाडं मोडलेली ऐकू येयालती. 'बिडरी, बिडरी' म्हणायलता. सोडा म्हणायलता आपल्या कन्नडमधी. आपल्याकडचा माणूस व्हता त्यो..."

"मग?"

"मी म्हणलं, कामून मारायलाव त्याला? तशा सगळ्या थांबल्या. माझ्याकडं बघितल्या. एकीनं इचारलं मला..."

"काय विचारलं?"

दाजी गुडघ्याला लागलेला चिखल पुसायला लागले.

अक्काला वाटलं, गावातल्या लोकांनीच परका माणूस बघून हात टाकला आणि ह्यांच्या डोक्याला मार लागला. तिचा राग मला माहीत आहे. ती तडक बाजारात गेली, तिच्यामागं दाजींना धरून मी, आणि ती चंद्रभागाबाईंचं दार वाजवत राहिली. बाईंनी दार उघडलं. आधी अक्काचं ऐकून घेतलं. मग त्यांची नजर दाजींच्या खांद्याकडं गेली, आणि त्यांनी चौकट धरली.

"आत या," म्हणाल्या. "बसा. काथ्याच्या चटईवर नको, जमिनीवर बसा."

त्यांना सांगायचं नव्हतं, हे दिसत होतं. पण सांगितलं.

त्यांच्या आजीच्या तरुणपणी धक्का बांधायचं काम चाललं होतं. धक्क्याच्या पायात लहान मूल पुरतात अशी आवई उठली. पोरं पळवायला घाटावरून माणसं आलीत, असं जो तो म्हणू लागला. त्यातच एका घरचं पोर सापडेना. बाजारात तेव्हा दोरखंड घ्यायला आलेला घाटावरचा एक व्यापारी होता. त्याची भाषा कोणाला कळत नव्हती. लोकांनी त्याला धरला आणि काथ्याच्या आवारात आणला, कारण तिथं मोगऱ्या होत्या. मारायच्या आधी बायकांनी जमलेल्यांना विचारलं, 'ह्यो कोणाचा?' कोणी ओळख दिली असती तर सोडला असता. त्याच्याच गावचा, त्याच्याबरोबरच आलेला एक माणूस गर्दीत उभा होता. तो म्हणाला, माझा कोणी नाही. आणि निघून गेला.

"मग बडवलंनी त्याला," बाई म्हणाल्या. "सोडणं बडवतात तसं. उन्हं कलेपर्यंत. शेवटी सोडण कुठलं आणि माणूस कुठला ते निवडता येईना. संध्याकाळी पोर घरी आलं, झाडावर झोपलं होतं म्हणे." त्या आपल्या तळहातांकडं बघत होत्या. "माझ्या आजीच्या हातात होती मोगरी. पुढं म्हातारपणी आजी अंथरुणात पडल्या पडल्या गादी बडवायची. हात बांधून ठेवावे लागायचे तिचे."

मग बाईंनी दाजींना विचारलं, "तुम्हाला विचारलंनी ना? काय सांगितलंत?"

दाजी खाली मान घालून बसले होते. "भ्यालो मी," म्हणाले. "कधी न्हाई ते भ्यालो. म्हणलं, मला म्हाईत न्हाई. माझा कोण न्हाई त्यो."

बाई उठल्या आणि त्यांनी दार उघडून धरलं. "आजच घाट चढा. उजेड आहे तोवर. काही लोक म्हणतात, घाटापलीकडं येत नाहीत त्या."

"आन् आल्या तर?" अक्कानं विचारलं.

"तर पुन्हा विचारतील."

आम्ही निघालो. गाडी मीच चालवली, दाजींचा हात उचलत नव्हता. उतरतं ऊन मागून आरशात पडून डोळ्यांत येत होतं. घाटाच्या पहिल्या वळणावर मागच्या हौद्यात काहीतरी आपटलं. दुसऱ्या वळणावर पुन्हा. माल सरकला असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. पण गाडीत तो वास भरायला लागला, आणि दाजी हळूच म्हणाले, "मागं कोण बसलंय का बघ."

गाडी बाजूला घेऊन आम्ही दोघी उतरलो. खेळणी, कंगवे सगळं कोरडं. काथ्याच्या चटया मात्र चिंब भिजलेल्या. हौद्यातून पाणी ठिबकत होतं. अक्कानं बोट लावून जिभेला टेकवलं आणि थुंकून टाकलं. खारं. आम्ही चटयांची गुंडाळी उचलून दरीत ढकलली. ती खाली गडगडत गेली, आणि मी शपथेवर सांगते, पडताना ती माणसासारखी कण्हली.

भालकीला आल्यावर आम्ही जे करायचं ते सगळं केलं. डॉक्टरांनी मलम दिलं. मठातल्या स्वामींनी विभूती दिली, दाजी सकाळ-संध्याकाळ लिंगपूजेला बसू लागले. पण खांद्यावरचा डाग फिकट होईना. शेजारीण दगडावर गोधडी आपटायला लागली की ते उठून आतल्या खोलीत जायचे आणि कान दाबून बसायचे. एकदा मला म्हणाले, "शिरे, त्यानं माझ्याकडं बघितलं व्हतं ग. मी न्हाई म्हणलो तवा. त्याला वाटलं व्हतं, आपला माणूस आला..."

पौषात तुरी काढणीला आल्या. आमच्याकडं आता बरेच जण मशीन लावतात, पण दाजींची तूर थोडी होती आणि मशीनवाला येईना. म्हणून काठ्यांनीच बडवायची ठरलं. अक्काला ते नको होतं. दाजीच म्हणाले, "किती दिवस भ्यायचं? आपलं रान हाय ते."

संतपूरच्या रानात खळ्यावर तुरीचा मोठा ढीग लागला होता. शेजारच्या रानातले शंकरप्पा मदतीला आले होते. वयस्कर माणूस, दाजींच्या वडिलांचे सोबती. सकाळभर आम्ही चौघांनी तूर बडवली. दाजीसुद्धा. घाम आला, धूळ उडाली, दाण्यांचा सडा पडला. दाजी बऱ्याच दिवसांनी मोकळे दिसले. काठी हातात घेऊन शंकरप्पांची चेष्टाही केली त्यांनी.

दुपारी जेवायला बसलो बाभळीखाली. ज्वारीच्या भाकरी, हिरव्या तुरीची आमटी. दाजी थोडं खाऊन उठले, "पाठ टेकतो जरा," म्हणून ढिगाच्या सावलीला गेले. ऊन डोक्यावर होतं. वारा पडला होता.

धप्... धप्... धप्...

शंकरप्पा भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, "रेवण्णानं लगीच काम धरलं की. कामून एवढी घाई?"

अक्काचा हात ताटात थांबला. मी तिच्याकडं पाहिलं, आणि दोघींनी एकदमच झाडाच्या बुंध्याकडं पाहिलं. चारही काठ्या तिथं टेकवलेल्या होत्या.

धप्, आणि मग किण्.

अक्का उठली ती ताट लाथाडूनच. मी तिच्या मागं. ढिगाला वळसा घातला आणि मी जे पाहिलं ते आजही डोळे मिटले की तसंच दिसतं. दाजी पाठीवर पडले होते. तुरीचे फाटे त्यांच्या अंगावर, तोंडावर ओढलेले. भोवती कोणी नव्हतं. स्वच्छ ऊन होतं, लांबपर्यंत मोकळं रान होतं, आणि कोणी नव्हतं. पण फाटे उडत होते. दर घावाला ढीग खचत होता, धुळीचा लोट उठत होता, आणि त्याखाली दाजींचं अंग उसळत होतं. त्यांनी तोंडापुढं हात धरले. एक घाव आला आणि उजवा हात कोपराखाली असा वाकला, जसा हात वाकत नाही. मग डावा. मग पायावर. नडगीचं हाड कातडीतून बाहेर आलेलं मी पाहिलं. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं तर तोंडात काहीतरी तपकिरी, तंतूतंतूचं कोंबलेलं होतं. तूर नव्हती ती.

खळ्याच्या शेणानं सारवलेल्या जमिनीवर ओले डाग उमटत होते. गुडघे टेकल्याचे डाग. गोल करून.

मी पुढं झाले तर माझ्या बरगडीवर असा फटका बसला की श्वासच गेला. मी आडवी पडले. रक्त तोंडात आलं. पडल्या पडल्या मला आवाज ऐकू आला. थकलेला, कामाला कंटाळलेला, बाईमाणसाचा आवाज. कानाशी येऊन कोणी विचारावं तसा.

"ह्यो कोणाचा?"

दाजींना बोलता येत नव्हतं. मला श्वास नव्हता. शंकरप्पा झाडापाशीच उभे होते, हात जोडून.

अक्का त्या ढिगात शिरली. फाट्यांवर सरळ पालथी पडली, दोन्ही हात पसरून. पहिला घाव तिच्या पाठीवर पडला तो मी ऐकला. दुसरा खांद्यावर. ती कण्हली नाही. डोळे गच्च मिटून, फाट्यांत तोंड खुपसून ती बोलत राहिली.

"माझा हाय. ह्यो माझा हाय. माझा माणूस हाय. मारू नका त्याला... माझा हाय."

पुन्हा घाव. पुन्हा तीच, "माझा हाय."

मग काकणं वाजली. सगळीकडून, एकदम, जशा खूपशा बायका काम संपवून उठाव्यात तशी. आणि रानात शांतता झाली. कुठं तरी दूर ट्रॅक्टर चालला होता, तो ऐकू यायला लागला.

शंकरप्पांनी आणि मी फाटे बाजूला केले. खाली दाजी होते. जिवंत होते. अक्का त्यांच्या अंगावरून उठेना, तिला सोडवून घ्यावं लागलं.

बिदरच्या दवाखान्यात आम्ही सांगितलं की बैलानं तुडवलं. डॉक्टर एकेका गोल डागाभोवती बोट फिरवून बघत राहिले आणि मग एक्सरे काढायला सांगितला. दाजींचे दोन्ही हात मोडले होते, एक पाय मोडला होता. माझी बरगडी, अक्काचं खांद्याचं हाड. पण सगळे वाचलो.

तिथं, बाकावर बसलेली असताना, अक्कानं मला एक गोष्ट सांगितली. "मी ह्यांच्या अंगावर पडले ना शिरे, तवा खालून ह्यांनी माझं मनगट धरलं. गच्च. सोडंनातच."

तिला कळलं नव्हतं असं नाही. तिनं मनगट पुढं केलं. बोटांचे वळ होते, आणि कातडीवर मिठाची पांढरी खपली धरली होती. पलीकडं खाटेवर दाजी झोपले होते, दोन्ही हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये.

ह्याला आता महिना होऊन गेला. दाजी भालकीच्या घरी आहेत, हळूहळू बोलतात. खांद्यावरचा पहिला डाग गेला. वास येत नाही. गोधडी आपटली तर कान दाबत नाहीत. देवाची कृपा म्हणायची आणि दुकान उघडायचं, असं आम्ही ठरवलं होतं.

परवा सकाळी अक्का दाजींना घास भरवत होती. शंकरप्पांचा फोन आला, तिनं तो मला उचलायला सांगितला. मी आवाज मोठा करून फोन मधे ठेवला.

"तूर सगळी वारवून झाली पोरी, पोत्यात भरून ठेवली," शंकरप्पा म्हणाले. "तुमचा माणूस लई कामाचा हाय. बोलत न्हाई, पण काम करतंय."

"कुठला माणूस, अप्पा?" मी विचारलं.

"तुमीच धाडलाव की. चार रोज झाले, खोपीत ऱ्हायलाय. वाकडा चालतोय जरा, हाडाला काय झालंय कोण जाणे. मी इचारलं, कोणाचा र बाबा तू? तर म्हणला, मल्लेश्वरीअक्काचा."

दाजींनी तोंड फिरवलं. अक्काच्या हातात घास तसाच होता. ती त्या घासाकडं बघत होती, आणि तिचा चेहरा भ्यालेला नव्हता. मला भीती वाटली ती त्याचीच.

"हॅलो," पलीकडून शंकरप्पा म्हणत होते, "आज त्यो इचारायलाय, घरी कवा येऊ म्हणून. काय सांगू त्याला?"